कंपवाताचे अंतरंग

उसाच्या मळ्यावर आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे घरोघरी पहिली आठवण होते ती त्यांच्या हातांची. रत्नागिरी, सावंतवाडी ह्या बाजूची माणसे करारावर अंगठा उठवून समुद्रापार गेली, तेव्हा त्यांच्यापाशी हातांवाचून दुसरे भांडवल नव्हते. त्या हातांनी ऊस तोडला, दगड वेचले, संध्याकाळी मृदंगावर थाप दिली आणि पुढच्या पिढीस पाटी धरावयास शिकविले. म्हणूनच अशा घरांतून हात चालेनासे होणे ही गोष्ट केवळ आजाराची राहत नाही. ती मानापमानाची होते. वडीलधाऱ्याचा हात थरथरू लागला की तो स्वतः तो हात खिशात लपवितो आणि घरची मंडळी ‘वय झाले’ एवढे म्हणून तो विषय टाळतात. ह्या लपविण्यामागे मोठे अज्ञान आहे. गेल्या काही दशकांत जिवंत मेंदूतील रसायनांची चित्रे घेण्याची जी विद्या निघाली, तिने ते अज्ञान पुष्कळसे दूर केले आहे.

हा रोग नवा नव्हे. आयुर्वेदाने कंपवात ह्या नावाने वर्णिलेल्या विकाराशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. पश्चिमेत लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या वैद्याने १८१७ साली सहा रुग्णांच्या आधारे ह्या कंपावर एक छोटा प्रबंध लिहिला. त्या सहांपैकी काही जण तर त्याला रस्त्यावर चालताना दिसलेले लोक होते. पुढे फ्रान्समधील शार्को ह्या विख्यात वैद्याने रोगास पार्किन्सनचे नाव दिले. तथापि रोगाचे मूळ शरीरात नेमके कोठे आहे, हे शंभर वर्षे कोणास सांगता आले नाही. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ नावाच्या तरुण वैद्याने दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या मध्यमेंदूतील एक लहानसा काळसर पट्टा फिकट पडलेला असतो. तेथील काळ्या रंगाच्या पेशी मेलेल्या असतात. पण त्या पेशी जिवंतपणी काय काम करीत होत्या, हे कोडे तसेच राहिले.

ते कोडे सुटण्याच्या वाटेवर मुंबईचे एक ठाणे आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक असावयास हवी. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या रुग्णांवर अनेक वर्षे उपयोग करून पाहिला आणि आपले अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यामुळे जगाचे लक्ष ह्या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन ह्यांनी हेच रेसर्पिन सशांना टोचले, तेव्हा ते ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य देताच थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ सालच्या ह्या प्रयोगातून आणि त्यापाठोपाठच्या संशोधनातून एक गोष्ट उघड झाली. मेंदूत डोपामीन नावाचे एक रसायन आहे, आणि ते आटले की इच्छा असूनही अंग हलत नाही. ह्या कार्याबद्दल कार्लसन ह्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दरम्यान १९६० साली व्हिएन्नाच्या एरिंगर आणि हॉर्निकिएविच ह्यांनी कंपवाताने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून तेथे डोपामीनचा जवळजवळ दुष्काळ असल्याचे सिद्ध केले. काळ्या पट्ट्यातील पेशी हे रसायन तयार करतात, आणि आपल्या लांब तंतूंवाटे ते मेंदूच्या मधोमध असलेल्या हालचालींच्या केंद्रास पुरवितात. पेशी मेल्या की पुरवठा तुटतो.

ह्या डोपाचेही आपल्या मातीशी नाते आहे. कोकणच्या कुंपणांवर चढणारी खाजकुयली कोणास ठाऊक नाही? जिच्या शेंगेवरची लव अंगास लागली तर पोर रडकुंडीस येते, तिच्याच बियांतून दामोदरन आणि रामस्वामी ह्या संशोधकांनी १९३७ साली मद्रास येथे डोपा वेगळा काढला होता. त्या वेळी त्याचा कंपवाताशी संबंध आहे अशी कल्पनाही कोणास नव्हती. पुढे १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास ह्यांनी डोपा पोटातून वाढत्या प्रमाणात देऊन अंथरुणास खिळलेले रुग्ण उभे केले, आणि १९७८ साली मुंबईच्या संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांचा रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग केला. मात्र एक इशारा येथेच दिलेला बरा. बीमध्ये डोपा किती आहे हे दर वेळी सारखे नसते. म्हणून घरच्या घरी चूर्ण करून ते घेणे, किंवा चालू औषधात त्याची भर घालणे, धोक्याचे आहे.

एवढे सगळे कळले, पण कळले ते मृत मेंदूवरून. जिवंत माणसाच्या कवटीत डोपामीन किती उरले आहे, हे पाहावयाचे कसे? क्ष-किरणांना हाड दिसते, रसायन दिसत नाही. नेहमीच्या चुंबकीय तपासणीत मेंदूचा आकार उत्तम दिसतो. पण आकार शाबूत असूनही आतला साठा रिकामा असू शकतो. कोठीच्या भिंती धड आहेत म्हणून आत धान्य आहे असे कोण म्हणेल?

ह्या अडचणीतून १९८३ साली कॅनडातील हॅमिल्टन येथे गार्नेट, फिर्नाउ आणि नाहमियास ह्यांनी मार्ग काढला. मेंदू डोपापासून डोपामीन बनवितो हे माहीत होतेच. त्यांनी डोपाच्या रेणूस किरणोत्सर्गी फ्लोरीनचा अणू जोडला आणि असा खुणेचा डोपा अत्यल्प प्रमाणात शिरेतून टोचला. ज्या पेशी जिवंत आहेत त्या तो उचलून घेतात व साठवितात. फ्लोरीनमधून पॉझिट्रॉन नावाचा कण सुटतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागी दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. डोक्याभोवती कडे करून बसविलेली यंत्रे हे दोन्ही किरण एकाच क्षणी टिपतात, आणि अशा लक्षावधी जोड्यांच्या हिशेबावरून खूण कोठे व किती साठली आहे त्याचे चित्र तयार होते. डोपामीनचे कोठार जिवंत माणसात डोळ्यांनी दिसले ते प्रथम असे. ह्या तपासणीस संक्षेपाने ‘पेट’ म्हणतात.

ही सर्व विद्या एका घरात कशी उतरली, त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे. मस्कतच्या रुवी भागात एक मराठी गृहस्थ राहतात. त्यांचे पणजोबा करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले. हे स्वतः तेथेच जन्मले, हिशेबनिसाचे काम शिकले आणि तरुणपणी ओमानला आले. गणेशोत्सवात झाकरीच्या फेरास त्यांचा मृदंग ठरलेला असे. साठी ओलांडल्यावर त्यांच्यात हळूहळू बदल होऊ लागला. मत्राहच्या बाजारातून जाताना दुकानादुकानांत जळणाऱ्या लोबानाचा वास त्यांना येईनासा झाला. धोफारचा लोबान हा ओमानचा जगप्रसिद्ध सुगंध. तो येत नाही असे त्यांनी हसतहसत सांगितले आणि सर्वांनी ते सर्दीवर ढकलले. मग त्यांचे अक्षर बारीक होत चालले. ओळीच्या आरंभी ठसठशीत असलेला आकडा शेवटाला मुंगीएवढा होई, आणि एकदा सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आला. चेहऱ्यावरचे हसू मावळले. पत्नीस वाटले, हे कशावर तरी रुसले आहेत. तिने विचारले की ते ‘काही नाही’ म्हणत, आणि तेही अशा एकसुरी आवाजात की तिचा संशय दुणावे. शेवटी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना, जपमाळ ओढल्याप्रमाणे हलू लागली. तेव्हा त्यांनी मृदंग गवसणीत घालून कपाटावर ठेवला आणि उत्सवास जाणे बंद केले.

मस्कतच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना बोटे उघडमीट करावयास लावली, मनगट फिरवून ताठरपणा पाहिला, चालताना उजवा हात झुलत नाही हे टिपले. एवढ्यावरून निदान बहुतेक झालेच होते. एकच शंका राहिली. गृहस्थांच्या वडिलांचेही हात कापत असत. मात्र ते कापत पेला उचलताना, स्वस्थ बसले असताना नव्हे. असा घराण्यातून येणारा साधा कंप निराळा असतो व त्यात डोपामीनचे कोठार भरलेले असते. मुलाची लक्षणे संमिश्र असल्यामुळे चित्र घ्यावे असे ठरले. पत्नीचे माहेर मुंबईस असल्याने वार्षिक रजेत तेथेच ते उरकावे, असा बेत झाला.

चित्रासाठी यंत्र असले म्हणजे सगळे झाले असे नाही. किरणोत्सर्गी फ्लोरीन दर ११० मिनिटांस निम्मे होते. ओमानचाच नकाशा घ्या. मस्कतहून सलाला सुमारे हजार किलोमीटर दूर. मोटारीने अकरा तास लागले असे धरले, तर सकाळी निघालेल्या चौसष्ट भागांतला एकच भाग तेथे पोहोचेल. म्हणून हे द्रव्य सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात ताजे तयार करावे लागते, आणि रुग्णाला त्याच्या आसपास यावे लागते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले, हे त्या दृष्टीने मोठे पाऊल होते. आता अशी सोय अनेक शहरांत आहे. ओमानमध्येही मोठ्या रुग्णालयांत अणुवैद्यकाचे विभाग आहेत. जेथे सायक्लोट्रॉन दूर आहे, तेथे तेरा तासांनी निम्मे होणारे आयोडीन किंवा सहा तासांनी निम्मे होणारे टेक्नेशियम जोडलेली दुसरी द्रव्ये वापरतात. डोपामीन परत आत ओढून घेणारी जी दारे त्या तंतूंच्या टोकांवर असतात, त्यांना ती चिकटतात. दारे कमी दिसली की तंतू कमी उरले असे समजावे.

गृहस्थ उपाशीपोटी गेले. आधी एक गोळी, मग शिरेत टोचणी, मग सुमारे दीड तासाची वाट पाहणे आणि शेवटी यंत्राच्या कड्यात डोके ठेवून निश्चल पडून राहणे. दुखले ते काय सुईइतकेच. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी लावली. निरोगी मेंदूच्या चित्रात मध्यभागी दोन उजळ स्वल्पविराम समोरासमोर ठेवल्यासारखे दिसत होते. गृहस्थांच्या चित्रात उजवीकडच्या स्वल्पविरामाचे शेपूट पुसट झाले होते, आणि डावीकडच्याचे शेपूट नाहीसे होऊन केवळ एक ठिपका, पूर्णविरामासारखा, उरला होता. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो, तेव्हा उजव्या हाताचा कंप कोठून आला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही. आयुष्यभर आकडे आणि विरामचिन्हे तपासलेल्या त्या हिशेबनिसाने चित्राकडे बराच वेळ पाहिले. त्यांच्या पत्नी मात्र त्यांच्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “अहो, म्हणजे तुम्ही रागावलेले नव्हतातच.”

त्या एका वाक्यात ह्या विद्येचा खरा लाभ सामावलेला आहे. चेहऱ्यावरचे हसू मावळले ते मन कोमेजले म्हणून नव्हे, तर हसण्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचविणारे रसायन आटले म्हणून. शर्टाच्या गुंड्या लावण्यास पाव तास लागतो तो आळसाने नव्हे. हा कोणत्या पापाचा भोग नव्हे आणि नुसत्या म्हातारपणाची खूणही नव्हे. हे तोंडाने शंभरदा सांगूनही जे पटत नाही, ते चित्र एका क्षणात पटविते.

चित्रांनी आणखी एक गोष्ट शिकविली आहे, आणि ती अधिक कठीण आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुण एकाएकी म्हाताऱ्या कंपवाताच्या रुग्णांप्रमाणे ताठ झाले. चोरट्या मार्गाने बनविलेल्या मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचे विष मिसळले होते, व त्याने त्यांच्या मेंदूतील त्याच काळ्या पेशी मारल्या होत्या. ते विष घेऊनही ज्यांना काहीच झाले नव्हते, अशांपैकी काहींची चित्रे घेऊन १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की वरकरणी धडधाकट असलेल्या ह्या माणसांतही डोपामीनचा साठा घटलेला आहे. म्हणजे ऱ्हास आधी होतो आणि कंप मागाहून दिसतो. नेहमीच्या कंपवातातही हात हलू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे ही घट चालू असते. लोबानाचा वास न येणे हीसुद्धा बहुधा त्याच काळातील सूचना होती.

हे ऐकून त्या गृहस्थांच्या धाकट्या मुलाने डॉक्टरांस विचारले, “मग माझेही चित्र आताच काढून ठेवू का?” डॉक्टरांनी नको म्हणून सांगितले. हा रोग बहुतेक घरांत बापाकडून मुलाकडे सरळ उतरत नाही. शिवाय मरणाऱ्या पेशींचा ऱ्हास खात्रीने थांबवील असे औषध अद्याप हाती नाही. ज्या माहितीचा उपयोग करता येत नाही, ती निरोगी तरुणाच्या उशाशी भीती म्हणून ठेवण्यात काय अर्थ? संशोधनासाठी असे लोक स्वेच्छेने पुढे येतात, त्यांचे उपकारच आहेत. पण घरगुती कुतूहलासाठी हे साधन नव्हे. मुलास हे उत्तर पुरेसे वाटले की नाही, कोण जाणे. वडिलांच्या चेहऱ्यावर मात्र, त्या ताठर चेहऱ्यावरही, सुटल्याची खूण उमटली.

चित्राच्या मर्यादाही ओळखून असावे. त्याने साधा कंप आणि कंपवात हा भेद कळतो. परंतु कंपवात आणि त्याच्यासारखेच दिसणारे इतर काही ऱ्हासविकार ह्यांतला भेद त्याने सहसा कळत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन परीक्षणात डोपा घेणारे रुग्ण चालण्याबोलण्यात इतरांहून चांगले ठरले, पण त्यांची चित्रे मात्र अधिक फिकट दिसली. औषधामुळे पेशी मेल्या की केवळ खूण चिकटण्यात फरक पडला, हे चित्रावरून ठरेना. तेव्हा जाणत्या वैद्याने नीट तपासून निदान स्पष्ट केले असेल, तर चित्रासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. वैद्याच्या डोळ्यांची आणि बोटांची जागा यंत्राने अजून घेतलेली नाही.

आणि तरीही ह्या चित्रांतील सर्वांत विस्मयकारक चित्र औषधाचे नव्हे, आशेचे आहे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे कंपवाताच्या काही रुग्णांना औषध म्हणून केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. हाती येणारे औषध आहे की पाणी, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याच वेळी घेतलेल्या चित्रांत त्यांच्या मेंदूने स्वतःच्या उरल्यासुरल्या साठ्यातून डोपामीन सोडल्याचे स्पष्ट दिसले. २००१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. बरे वाटेल ही अपेक्षा, ही मनाची भोळी समजूत नसून मेंदूत घडणारी रासायनिक घटना आहे, असे त्याने दाखविले. आशेने पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत आणि आशा औषधाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण जो घरात निराश होऊन बसला आहे, त्याची निराशा त्याच्या उरलेल्या साठ्यालाही कुलूप लावीत असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्या दृष्टीने पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांचे कार्य मोलाचे आहे. रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय तेथे एकत्र जमतात, व्यायाम करतात, एकमेकांच्या अडचणी ऐकतात. पुण्यात अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालले आहेत. त्यामागे शास्त्र आहे. दारात पाय खिळून राहिलेला रुग्ण ठेक्याच्या तालावर पाऊल टाकू शकतो, कारण बाहेरून आलेला ताल मेंदूस दुसऱ्या वाटेने चालना देतो. झाकरीचा फेर आणि मृदंगाची थाप पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या समाजास हे औषध विकत आणावे लागणार नाही.

रुवीचे ते गृहस्थ आता वेळेवर डोपा घेतात. त्यांची सही पुन्हा बँकेच्या पसंतीस उतरते. औषधाचा अंमल ओसरला की हात पुन्हा हलतो, आणि पुढे तो अधिक हलेल हे त्यांना माहीत आहे. ते आता तो खिशात घालीत नाहीत. मंडळांच्या उत्सवांतून, घरच्या पूजेतून असे अनेक हात मागच्या रांगेत, उपरण्याखाली झाकलेले असतात. त्यांना पुढे बोलवावे, ताटातला प्रसाद सांडला तर तिकडे कोणी पाहत राहू नये, आणि बोलण्यास वेळ लागला तर त्यांचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. त्यांच्या मेंदूतील दिवे मंदावले आहेत. माणूस आत पूर्वीचाच जागा आहे.